कॉस्टवाल्या बाई

बाई कुठलाही निकाल शेवटच्या पानापासून वाचत. निकाल कितीही जाडजूड असो, हातात आला की त्या तो पालथा करत आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवत. कोण जिंकलं आणि कोण हरलं हे त्यांना नंतर कळलं तरी चालत असे. आधी त्यांना पाहायचं असे खर्चाचं वाक्य. दाव्याचा खर्च ज्याने त्याने सोसायचा, की एकाने दुसऱ्याला द्यायचा, आणि द्यायचा तर किती.

हायकोर्टाच्या आसपासचे वकील त्यांना 'कॉस्टवाल्या बाई' म्हणत. कंपन्यांच्या भांडणात भागीदार एकमेकांवर तुटून पडतात, त्यातली एक बाजू हरते आणि कधी कधी हरलेल्याच्या डोक्यावर वरून जबर खर्चाचा बोजा ठेवला जातो. तेवढ्या हुकुमाविरुद्ध अपील करायला मोठे वकील राजी नसत. त्यात नाव नाही आणि यशाची खात्री तर मुळीच नाही, कारण खर्च किती लावायचा हा खालच्या न्यायाधीशांच्या अखत्यारीतला प्रश्न मानतात आणि वरचं न्यायालय त्यात सहसा हात घालत नाही. मग असे नाकारलेले लोक फिरत फिरत फोर्टातल्या एका जुन्या इमारतीचा जिना चढून बाईंच्या चेंबरमध्ये येत. बाई म्हणायच्या, "निकाल डोक्याने लिहितात. खर्चाचा हुकूम बरेचदा रागाने लिहिलेला असतो. तो राग कुठल्या पानावर आला ते शोधायचं. आपलं अपील तिथे असतं."

मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा नुकतीच सनद मिळाली होती. त्याआधी एक-दोन ठिकाणी जाऊन आले होते. माझं आडनाव ऐकलं की समोरचा माणूस किंचित थांबायचा आणि मग घरी कोण कोण असतं, वडील काय करायचे, असं गोड आवाजात विचारायचा. बाईंनी विचारलं, "आडनाव काय?" मी सांगितलं, कांबळे. "राहायला?" घोडपदेव. "कांबळे, ती खिडकी उघड आणि बस." त्या दिवसापासून त्या मला कांबळेच म्हणाल्या. साऱ्या ज्युनिअरांना त्या आडनावानेच हाक मारत. कोर्टात आडनावच पुकारतात, आत्तापासून सवय हवी, असं त्यांचं म्हणणं. पण जिन्यात, कँटीनमध्ये, भर रस्त्यात त्या ज्या खणखणीत आवाजात "कांबळे" म्हणायच्या, त्याने माझ्या मनातलं काहीतरी कायमचं सरळ झालं.

बाईंचं बिऱ्हाड गिरगावातल्या एका चाळीत, दोन खोल्यांचं. लग्न केलं नव्हतं. दुपारच्या डब्यात रोज काहीतरी जास्तीचं आणायच्या, कारण अशील उपाशी आलेला असतो असं त्या गृहीत धरत. नवा माणूस आला की आधी त्याच्यापुढे बशी सरकवायच्या आणि तो खात असताना ऐकायच्या. "कागद मी वाचेन. तुम्ही मला काय झालं ते सांगा, आणि मराठीत सांगा," म्हणायच्या. माणसं खाता खाता बोलत आणि कागदात नसलेलं बरंच काही सांगून जात. बाई मध्येच थांबवून एखादा शब्द पुन्हा विचारायच्या. "'दिलं' म्हणालात की 'द्यायला लावलं' म्हणालात?" या दोन शब्दांतला फरक त्या आम्हाला पुन्हा पुन्हा समजावत. आमच्या मसुद्यात अशिलाच्या तोंडी नसलेला शब्द दिसला की तो त्या लाल पेनाने खोडत.

कंपन्यांच्या वादातलं अपील दिल्लीला जातं आणि अलीकडे त्याची सुनावणी बरीचशी पडद्यावर होते. लोअर परळच्या काचेच्या कचेऱ्यांमधले वकील मऊ खुर्चीत बसून युक्तिवाद करतात. बाई मात्र उभ्या राहत. कोट, गाऊन, गळ्याला पांढरे बँड, सगळं जागच्या जागी. लॅपटॉप त्यांच्या उंचीला यावा म्हणून मी खाली जुने कायद्याचे खंड रचून द्यायचे. पाय सुजायचे म्हणून चपला मात्र काढून ठेवलेल्या असायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, बसलात तरी त्यांना कळणार नाही." त्या म्हणाल्या, "मला कळेल ना."

सुलभाताईंचं प्रकरण मी लागण्यापूर्वीपासून बाईंकडे होतं. मी फाईल पाहिली ती ते हरल्यानंतर.

सुलभाताई मूळच्या मालवणकडच्या, राहायच्या लालबागला. त्यांच्या नवऱ्याने आणि धाकट्या दिराने मिळून घोडपदेवला एका गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनवायचा धंदा सुरू केला होता. मिठाईवाले, साडीवाले, औषधवाले, सगळ्यांची खोकी तिथून जायची. धंदा वाढला तशी दोघांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली, निम्मे निम्मे शेअर. मग नवरा अचानक गेला. त्यांचा वाटा सुलभाताईंच्या नावावर आला. पुढे काही महिन्यांनी त्या गाळ्यावर हिशेब विचारायला गेल्या तेव्हा त्यांना कळलं, की कंपनीने नवे शेअर काढले आहेत, ते सगळे दिराच्या नावावर आहेत, आणि निम्म्याच्या मालकीण असलेल्या आपण आता नावापुरत्या उरलो आहोत. या सगळ्याला त्यांची संमती असल्याचा कागद होता. खाली त्यांची सही होती.

त्यांनी कंपनी न्यायाधिकरणात अर्ज केला. अर्जात लिहिलं होतं, की ती सही खोटी आहे, दिराने ती बनवून घेतली आहे. अक्षरतज्ज्ञ नेमला गेला. त्याने सांगितलं, सही खरी आहे, सुलभाताईंच्याच हातची आहे. मग काय उरणार? न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला, आणि सज्जन माणसावर बनावट सहीचा आळ घेतला म्हणून सुलभाताईंवर वैयक्तिक खर्च लादला. तो भरायचा तर लालबागची खोली विकावी लागली असती.

आम्ही अपील केलं. ते पूर्ण निकालाविरुद्ध होतं, पण मुख्य मुद्द्यावर बाईंना फारशी आशा दिसत नव्हती. "खर्चावर भांडू," त्या म्हणत. फाईल वाचून माझं मत झालं होतं, की सुलभाताई खोटं बोलल्या आणि अंगाशी आलं. अशा पुष्कळ बायका-पुरुषांचे खर्च बाईंनी माफ करून घेतले होते. त्या खोटं बोलणाऱ्यालाही वाऱ्यावर सोडत नसत. "खोटं बोलला म्हणून त्याला रस्त्यावर आणायचं का?" असं विचारत.

सुनावणीच्या दिवशी सुलभाताई चेंबरमध्येच आल्या होत्या. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने मी त्यांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मांडीवर पर्स घट्ट धरून त्या पडद्याकडे बघत होत्या. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, ते त्यांना कळत नव्हतं. मी इथे मराठीत लिहिते.

बाईंनी सुरुवात छान केली. खर्च लावण्यापूर्वी सुलभाताईंना म्हणणं मांडायची संधी दिली नव्हती, रक्कम समोरच्याच्या खऱ्या खर्चाशी जुळत नव्हती, आणि हुकुमातली भाषाच सांगत होती की तो संतापाच्या भरात लिहिला आहे. पीठाचे अध्यक्ष मान डोलावत होते. समोरचे वकील कागद चाळू लागले. मला वाटलं, झालं, आपलं काम झालं.

मग अध्यक्ष म्हणाले, "हे सगळं मान्य. पण अपीलकर्तीने शपथेवर सांगितलं आहे, की सही बनावट आहे. ते खोटं निघालं. मग ती काहीच न भोगता कशी सुटेल? की तिला इंग्रजी येत नाही आणि आधीच्या वकिलाने मनाने लिहिलं, असं तुमचं म्हणणं आहे?"

हा नेहमीचा दरवाजा होता. न्यायाधीश कधी कधी तो स्वतःच उघडून देतात. आधीच्या वकिलावर ढकलायचं आणि बाहेर पडायचं. आधीचा वकील तिथे नसतोच.

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाल्या, "आधीची वकील मीच आहे. माझ्या अशिलाने मला सांगितलं होतं, की नवरा गेल्यावर त्या दिवसांत दिराने बरेच कागद पुढे केले, मी सह्या केल्या, हा कागद त्यात होता की नाही ते मला आठवत नाही. तिने 'आठवत नाही' म्हटलं. 'बनावट' हे मी लिहिलं. प्रतिज्ञापत्र मी तिला नीट वाचून दाखवलं नाही. दिराने फसवलं असं लिहिलंय, एवढंच सांगून सही घेतली. खर्च कायम ठेवायचाच असेल, तर तो तिच्यावरून काढून माझ्यावर घालावा."

मी लॅपटॉपच्या मागे उभी होते. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पडद्यावर कोणी हलत नव्हतं, इतकं की मी जोडणी तुटली का ते पाहिलं. मग समोरच्या वकिलांचा आवाज आला. ते बाईंपेक्षा पुष्कळ तरुण होते आणि पडद्यावर त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता. "मॅडम, कृपा करून असं नका म्हणू. आमची तशी मागणीच नाही."

अध्यक्षांनी विचारलं, "आपण काय बोलताय ते आपल्याला ठाऊक आहे ना? हे नोंदीत जाईल."

"जावं," बाई म्हणाल्या. "आणि एक. तिची मूळ तक्रार कधी कोणापुढे आलीच नाही. सही खरी की खोटी, एवढ्यावरच सगळं संपलं. सुतकात बसलेल्या बाईकडून न सांगता, न समजावता सही घेतली, ही तिची तक्रार होती. ती मी मांडायला हवी होती."

अध्यक्षांनी सांगितलं, की मग आता तुम्हाला या प्रकरणात उभं राहता येणार नाही. अपीलकर्तीने दुसरा वकील द्यावा. पुढची तारीख पडली आणि पडदा काळा झाला.

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? हरलो काय?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई खुर्चीवर बसल्या, गळ्यातले बँड सोडले, आणि जे पडद्यावर इंग्रजीत सांगितलं होतं तेच जसंच्या तसं मराठीत सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही.

सुलभाताईंना समजायला वेळ लागला. आधी त्यांनी विचारलं, "म्हणजे दंड माझ्यावरून जाणार?" बाई म्हणाल्या, "बहुतेक जाईल." त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, आणि बघता बघता ती विझली. "म्हणजे तुम्ही तसं लिहिलं नसतं, तर मी हरले नसते?"

"कदाचित नसता हरलात."

"मी म्हटलं होतं, आठवत नाही."

"हो. तसंच म्हटलं होतं."

"तेव्हाच माका सांगूक नको होता?" इतका वेळ जपून बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडी एकदम घरची बोली आली. "अख्खी चाळ म्हणते, दिरावर खोटो आळ घेतला. गावच्या घरी गणपतीक मी तोंड दाखवूक नाय. माझीच मुलगी माका विचारी, आई, खराच तू असा केलंस? माकाच वाटूक लागला, की मीच खोटी आसंय. आणि तुमका सगळा ठावक होता."

बाई म्हणाल्या, "हो, ठाऊक होतं." मला वाटत होतं, आता त्या क्षमा मागतील, काही कारण सांगतील. त्यांनी नजर खाली घातली नाही आणि बाजूही मांडली नाही. सुलभाताई उठल्या. त्यांच्यापुढची बशी तशीच होती.

मी त्यांच्या मागे जिन्यात धावले. टॅक्सी करून देऊ का विचारलं. त्या म्हणाल्या, "नको गो, तुझो काय दोष?" आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेल्या.

परत आले तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या. अनवाणीच. मी रागावले होते, हे त्यांना दिसत असावं. मी विचारलं, "बाई, तुम्ही असं का लिहिलंत? आम्हाला तर एक शब्द बदलू देत नाही."

त्या म्हणाल्या, "अर्ज करण्यापूर्वी तडजोडीसाठी तिच्या दिराला इथे बोलावलं होतं. तो त्या खुर्चीत बसला आणि सुलभाताई बोलत असताना हसला. मोठ्याने नाही. नुसता हसला, आणि मला म्हणाला, 'मॅडम, वहिनीला यातलं काय कळतंय?' तो गेल्यावर मी अर्ज लिहायला बसले. त्याच्या हसण्याला उत्तर म्हणून लिहिला, कांबळे. आठवत नाही, एवढ्यावर माझं भागेना."

मी म्हटलं, "मग आज का सांगितलंत? आपण जिंकत होतो."

"त्यांनी विचारलं ना. विचारल्यावर काय सांगणार?"

"आणि विचारलं नसतं तर?"

खालून बसचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "तर बहुधा बोलले नसते. तेच मला जास्त लागतंय."

माझ्या आयुष्यात मी ऐकलेलं ते सर्वांत भयंकर वाक्य होतं, आणि इतकं खरं वाक्य मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही. त्या क्षणी मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण मी चहा सांगितला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.

पुढे घडलं ते भराभर घडलं. दादरच्या एका वकिलांनी सुलभाताईंचं काम घेतलं. बाईंनी त्यांना सगळी फाईल दिली आणि स्वतःविरुद्ध प्रतिज्ञापत्र करून दिलं. अपिलाचा निकाल आला, तो मीच त्यांना वाचून दाखवला. सुलभाताईंवरचा खर्च रद्द झाला होता. त्याहून कमी, पण चांगलीच बोचणारी रक्कम बाईंनी स्वतः भरायची होती. मूळ अर्ज पुन्हा ऐकायला परत पाठवला होता, आणि बाईंचं वर्तन वकिलांच्या शिस्त समितीकडे. फोर्टात दोन-चार दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणालं, वय झालं, डोकं चालेना. कोणी म्हणालं, शेवटी शेवटी संत व्हायची हौस. इतकी वर्षं त्यांच्या टेबलाशी चहा प्यायलेले लोक जिन्यात दिसले की घड्याळ बघू लागले. मला सगळ्यात धक्का त्याचा बसला. खोटं लिहिणाऱ्या वकिलांबरोबर जेवायला कोणाची हरकत नव्हती.

समितीने ताकीद देऊन सोडलं. मला वाटलं होतं, बाई पुन्हा उभ्या राहतील. त्यांनी चेंबर रिकामं केलं. मी अडवायला गेले तर म्हणाल्या, "मला आता कोणी काही सांगायला लागलं, की भीती वाटते. भ्यालेल्या वकिलाने घरी बसावं." पुस्तकं त्यांनी ज्युनिअरांमध्ये वाटून टाकली.

सुलभाताईंच्या दिराने नव्या सुनावणीची वाट पाहिली नाही. अर्ज परत आल्यावर त्यानेच तडजोडीचा निरोप पाठवला. दादरच्या वकिलांनी मला सांगितलं, की करारावर सह्या करायच्या दिवशी सुलभाताईंनी प्रत्येक पान मराठीत वाचून घेतलं. कळलं नाही ते पुन्हा वाचायला लावलं. दीर समोर चुळबुळत बसला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळ झाली तेव्हा कुठे सही केली. त्यांचा निम्मा वाटा त्यांना परत मिळाला. मुलगी आता गाळ्यावर बसते.

मी हे सांगायला गिरगावला गेले. बाई कॉटवर पडून होत्या, उठून बसल्या. सगळं ऐकून घेतलं, मधला एक तपशील दोनदा विचारला. मग म्हणाल्या, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

मी म्हटलं, "नाही."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि मला लाडू दिला.

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. सकाळी चहा घेता घेता गेल्या, असं त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं. मी काही जणांना कळवलं. सुलभाताईंना कळवावं की नाही, मला ठरवता येईना. शेवटी फोन केला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी समजले, त्या येणार नाहीत. त्यांनी यावं असं म्हणण्याचा हक्कही कोणाला नव्हता.

चंदनवाडीच्या स्मशानात माणसं थोडीच होती. चाळीतले शेजारी, भाचा, आम्ही दोघी-तिघी ज्युनिअर. वकिलांपैकी एकच जण आला होता, सुलभाताईंच्या दिराकडून उभा राहिलेला तो तरुण वकील, तो कोपऱ्यात हात बांधून उभा होता. सगळं आटोपत आलं तेव्हा मी मागे पाहिलं. फाटकापाशी सुलभाताई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पुढे आल्या नाहीत, हातही जोडले नाहीत, नुसत्या बघत होत्या.

चाळीतल्या एका म्हातारीने त्यांना विचारलं, "तुम्ही कोण हो त्यांच्या?"

सुलभाताई अजून पुढेच बघत होत्या.

"मी त्यांची अशील," त्या म्हणाल्या.